भूल उतरेपर्यंत

डॉक्टरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. दात राहत. बाजारात कुणी हात जोडून "काय डॉक्टर, बरे आहात ना?" म्हणालं की ते नम्रपणे मान हलवायचे, आणि तो माणूस पुढे गेला की मला हळूच विचारायचे, "कोण गं हे?" नाव सांगून उपयोग नसे. "वरची डावी अक्कलदाढ. मुळं वाकडी होती ती," असं सांगितलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "ते होय. फार भला माणूस." एकदा तर ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्या गृहस्थांच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना डॉक्टरांनी त्यांना गाठलं, भर रस्त्यात तोंड उघडायला लावलं, आत डोकावले आणि "छान भरून आलीय जखम" असं मला सांगत परत आले.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीला, स्टेशनच्या पश्चिमेला, एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर त्यांचा दवाखाना होता. खाली चिक्की आणि शेवगाठी, वर दातांचा डॉक्टर. फरसाणवाल्याचं आणि माझं एकमेकांवर चाललंय, असं डॉक्टर म्हणायचे. लाकडी जिन्याच्या तोंडाशी पाटी होती, 'दातांचा दवाखाना. दुखणार नाही.' आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'दुखल्यास सांगावे.'

मी बी.ए. होऊन घरी बसले होते. वडिलांच्या ओळखीने तिथे लागले. पेशंटांना नंबराने आत सोडायचं, हत्यारं उकळायची, डॉक्टरांच्या शेजारी ट्रे धरून उभं राहायचं, एवढंच काम. नर्सिंगशी माझा काडीचा संबंध नव्हता, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला सिस्टर करून टाकलं. मी नोकरी सोडेपर्यंत त्यांना माझं खरं नाव ठाऊक झालं होतं की नाही, मला शंका आहे. माझ्या खालच्या दातांची ओळ दाटीवाटीची आहे, हे मात्र त्यांनी माझ्या लग्नात सासूबाईंना बाजूला घेऊन सांगितलं.

बोलण्याचा त्यांचा एक नियम होता. पेशंट खुर्चीत बसेपर्यंत अहो-जाहो, तोंड उघडलं की अरे-तुरे. बँकेचा मॅनेजर असो की फौजदार, "या साहेब, बसा साहेब, हं, आता आ कर," असं एका दमात चालायचं. तोंड मिटलं की तो पुन्हा साहेब. मी याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "तोंड उघडलं की माणूस पाच वर्षांचा होतो, सिस्टर. पाच वर्षांच्या पोराला अहो कोण म्हणतं?"

आणि सगळे महत्त्वाचे प्रश्न ते तोंडात हत्यार असतानाच विचारायचे. देशाचं काय होणार, मुंबईत माणसांनी राहावं का, गाण्यात हल्ली राम उरला आहे का. पेशंट बिचारा "ऊं" म्हणायचा. डॉक्टर ते होकार म्हणून धरायचे आणि पुढच्या पेशंटला सांगायचे, की मघाच्या वकीलसाहेबांचंही हेच मत पडलं. त्या खुर्चीत ते आयुष्यभर एकही वाद हरले नाहीत.

आतल्या खोलीत ते कवळ्या करत. तिथे प्लास्टरच्या जबड्यांची रांग असे आणि ती रांग ठेवायला घरात दुसरी जागा नसल्यासारखी एका जुन्या पेटीवर मांडलेली असे. पेटी म्हणजे बाजाची पेटी, हार्मोनियम. दुपारी पेशंट नसले की डॉक्टर जबडे न उतरवताच ती वाजवायला बसायचे. भाता हलला की वरचे जबडे कडकड वाजायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले होते. पुढे सवय झाली. दाढ कोरायच्या मशीनलाही एक सूर आहे, अशी त्यांची खात्री होती. मशीन चालू झालं की ते त्या सुराला धरून गुणगुणायचे आणि पेशंटने हातपाय ताठ केले की म्हणायचे, "घाबरू नकोस, आपण सुरात आहोत."

गुणगुणायचे ते ओठ मिटून. हसायचेही ओठ मिटून. एवढ्या वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. खिशात लवंगांची पुडी असे आणि दर थोड्या वेळाने एक लवंग उजव्या गालात जाई. त्यांची स्वतःची एक दाढ दुखत होती आणि ते दुसऱ्या डॉक्टरकडे जायला घाबरत होते, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत. दवाखान्याच्या मागच्याच दोन खोल्यांत ते एकटे राहत. लग्न झालं होतं की नाही, झालं असेल तर पुढे काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

तर अशा या माणसाने अर्धं गाणं लिहिलं आणि ते सबंध अंधेरीत वाजलं.

हरेश्वर त्यांच्याकडे अक्कलदाढ घेऊन आला. वेसाव्याच्या कोळीवाड्यातला मुलगा. वडील मासेमारीला जायचे, आई अंधेरीच्या बाजारात मासे विकायची. घरी तो हरेस, पण कॉलेजातल्या चार पोरांचा इंग्रजी गाण्यांचा बँड होता, त्यात तो हॅरी. केस खांद्यापर्यंत, गळ्यात कसल्या कसल्या माळा, आणि आवाज असा, की आमच्या खालचा फरसाणवाला त्याच्या पहिल्या आरोळीला वर धावत आला होता. आपण कितीही आराधना केली तरी आपल्याला असा आवाज मिळणार नाही, असं डॉक्टर मला नंतर म्हणाले. जबड्याची ठेवण लागते, म्हणाले.

हरेश्वरचं तेव्हा बँडशी बिनसलं होतं. त्याला मराठीत रॉक गायचं होतं आणि बाकीचे तिघे त्याला हसत होते. मराठीत काय गाणार, भजन? असं विचारत होते. तो वेगळा झाला होता, एकट्याने कॅसेट काढायची म्हणत होता, आणि गाणं एकही नव्हतं. हे सगळं त्याने खुर्चीत बसून, भुलीचं इंजेक्शन घेतल्यावर, अर्धं तोंड बधिर झालेलं असताना सांगायला घेतलं. त्याचे ओठ भलतीकडे जात होते. डॉक्टरांनी नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे दम दिला.

"भूल उतरेपर्यंत बोलू नको काही. ओठ चावशील."

हरेश्वर गप्प झाला. मग त्याने बोटाने पुन्हा म्हणायची खूण केली. डॉक्टरांना वाटलं, त्याला ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा तो पोरगा वाकड्या तोंडाने, नाकातून, तेच वाक्य चालीवर म्हणू लागला.  हातातला चिमटा डॉक्टरांनी माझ्या ट्रेमध्ये ठेवला, आत गेले, आणि जबडे कडकडल्याचा आवाज आला. सूर सापडला होता. दाढ त्या दिवशी निघालीच नाही.

त्या अक्कलदाढेला मग बऱ्याच फेऱ्या लागल्या. लागायला नको होत्या, पण दोघांनाही घाई नव्हती. एक ओळ हा म्हणायचा, एक ते. डॉक्टरांनी आरसा तोंडात घातला की हरेश्वर फक्त "आ" करू शकायचा, पण चाल सुचलेली असायची, म्हणून तो त्या "आ"वरच ती आळवायचा. गाण्यात पुढे जो लांबलचक आकार आला, ज्याच्यावर कॉलेजची पोरं वेडी झाली, तो तिथून आला. बाहेर बाकावरचे पेशंट आतले आवाज ऐकून एकमेकांकडे बघायचे आणि मी त्यांना सांगायची, की दाढ अवघड आहे.

गाणं असं होतं:

भूल उतरेपर्यंत बोलू नको काही,
तोंड माझं आहे, पण ऐकत माझं नाही.

हे दोघांचं. दुसरं कडवं मात्र डॉक्टरांनी एका दुपारी एकट्याने केलं:

तू उठून गेलीस तेव्हा दुखलं नाही काही,
भूल आता उतरत्येय गं, बोलवत पण नाही.

हरेश्वरने ते ऐकलं आणि खुर्चीतून उठून डॉक्टरांच्या पाया पडला. मी विचारलं, हे कुणावर लिहिलंय. डॉक्टर हात धूत होते. म्हणाले, "कुणावर कशाला? दुखणं लगेच कळत नाही, एवढंच लिहिलंय. हे कुठल्याही दातांच्या डॉक्टरला ठाऊक असतं." हात मात्र ते जरा जास्तच वेळ धूत राहिले.

कॅसेट निघाली. जोगेश्वरीच्या एका लहानशा स्टुडिओत हरेश्वरने एकट्याच्या नावावर ती केली आणि त्यातलं हे एक गाणं उचललं गेलं. पानाच्या गाद्यांवर, रिक्षांमध्ये, गणपतीच्या मांडवात, जिकडे तिकडे 'भूल'. कॅसेटच्या कागदावर शब्दांसाठी दोन नावं होती. पहिलं त्याचं, दुसरं डॉक्टरांचं. डॉक्टरांनी तो कागद भिंग लावून वाचला आणि म्हणाले, डिग्री घातलेली नाही.

त्यानंतर आमच्याकडे कॉलेजची मुलं-मुली येऊ लागली. दात धडधाकट, नुसतं डॉक्टरांना बघायचं असे. डॉक्टर त्यांना रांगेत बसवायचे, एकेकाला खुर्चीत घ्यायचे आणि प्रत्येकाच्या तोंडात काही ना काही शोधून काढायचे. गाणं ऐकायला आलेली कितीतरी पोरं सिमेंट भरून घरी गेली.

पण खुद्द डॉक्टर खूश नव्हते. हरेश्वर ते गाणं ओरडून म्हणायचा. ढोल, गिटार, आणि पहिल्या शब्दापासून टिपेचा सूर. डॉक्टरांच्या मते ही वैद्यकीय चूक होती. "भूल असलेला माणूस ओरडेल कसा?" ते प्रत्येक पेशंटला विचारायचे. "जबडा हलत नाही, ओठ कळत नाहीत. तो हळूच म्हणणार. जेवढ्यास तेवढं तोंड उघडून म्हणणार. हो की नाही?" आणि पेशंट म्हणायचा, "ऊं."

अंधेरीतल्या एका कॉलेजात हरेश्वरचा कार्यक्रम होता. त्याने आम्हा दोघांना आग्रहाने बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं. मैदान भरलेलं. 'भूल' सुरू झालं तशी पोरं खुर्च्यांवर चढली. माझे तर पाय आपोआप हलायला लागले होते. डॉक्टर मात्र हाताची घडी घालून बसले होते, शवासन उभ्याने करावं तसे निश्चल. गाणं संपल्यावर हरेश्वरने मोठ्या प्रेमाने माईकवर सांगितलं, की या गाण्याचे अर्धे बाप इथे बसलेत, आणि त्यांना वर बोलावलं. टाळ्या, शिट्ट्या. डॉक्टर वर गेले. त्यांनी माईक घेतला आणि, मी खोटं सांगत नाही, खालच्या जबड्याच्या नसा कुठून कुठे जातात ते समजावून सांगायला सुरुवात केली. भूल दिल्यावर कुठला स्नायू चालत नाही, म्हणून हे गाणं असं म्हणणं कसं चुकीचं आहे, इथपर्यंत ते पोचले. पोरांना आधी ती गंमत वाटली. मग हुर्यो सुरू झाली. मी हरेश्वरकडे पाहत होते. त्याचा हसरा चेहरा हळूहळू विझत गेला.

मागे, पडद्याआड, तो डॉक्टरांना म्हणाला, "सगळ्यांसमोर कशाला, डॉक्टर? मला खुर्चीत बसवून सांगायचं होतं ना."

"खुर्चीत शंभरदा सांगितलं. तू ऐकत नाहीस. हे माझं गाणंच नाही राहिलं. माझं अर्धं मला परत दे."

"घ्या ना. कुठलं अर्धं तुमचं? काढून दाखवा."

 डॉक्टरांना ते काढून दाखवता येत नव्हतं. रिक्षात ते नुसती लवंग चघळत राहिले.

हरेश्वर यायचा थांबला. त्याची आई मात्र येत राहिली. तिच्या दाढेचं काम अर्धवट होतं, आणि येताना पापलेट नाहीतर कोलंबी घेऊन आल्याशिवाय तिला खुर्चीत बसवत नसे. मी तिला मावशी म्हणायची. अंगावर सोनं, डोक्यात वेणी, आणि आवाज मुलाचा कुठून आला ते लगेच कळावं असा. तिनेच एकदा सांगून टाकलं, की हरेसने तिकडे वांद्र्याला जाऊन दुसरी एक दाढ भरून घेतली. डॉक्टरांचा हात थांबला. कुणाकडे, असं त्यांनी विचारलं नाही. सिमेंट कुठलं वापरलं, ते विचारलं. मग तिच्या तोंडात आरसा धरून ते म्हणाले, की तुझ्या मुलाला समज नाही. मावशीने त्यांचा हात सरळ बाजूला केला.

"तुमी दोगं भांडा किती भांडायचा तं," ती म्हणाली. "माजी दाढ मदी आनू नका."

डॉक्टरांना "ऊं" न म्हणणारी ती पहिली पेशंट.

नारळी पौर्णिमा जवळ आली तेव्हाची गोष्ट. वेसाव्यात होड्या रंगवून तयार होत होत्या आणि आपली होडी ढकलायला घरचा रॉकवाला पोरगाही लागला होता. ओल्या फळीवरून पाय घसरला आणि होडीची कड तोंडावर बसली. वरचे पुढचे दोन दात गेले, ओठ फाटला. मावशी त्याला रिक्षात घालून थेट आमच्याकडे घेऊन आली. दात तिने पदराच्या गाठीत बांधून आणले होते, जणू ते लगेच परत लावायचे होते. डॉक्टर दुपारच्या झोपेसाठी पेशंटच्याच खुर्चीत आडवे झाले होते. हरेश्वरला पाहून ते उठले, खुर्ची मोकळी केली, हात धुतले.

भूल दिली. टाके घातले. बराच वेळ लागला. आणि त्या सगळ्या वेळात डॉक्टरांनी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. देशाबद्दल नाही, गाण्याबद्दल नाही. नेहमीची संधी समोर आ करून पडली होती, आणि ते नुसते हळूहळू शिवत होते. मी ट्रे धरून उभी होते.

जखम भरेपर्यंत नवे दात बसवता येणार नव्हते. गाणं तर दूरच, ओठ हलवायचीही बंदी. मावशी बाकावर बसून ऐकत होती. पौर्णिमेच्या संध्याकाळी गावात हरेसचं गाणं ठेवलं होतं, भोंगे येऊन पडले होते, दर्याला नारळ वाहिल्यावर सगळा गाव ते ऐकायला बसणार होता. आपल्या पोराने मराठीत गाऊन नाव काढलं, ते गावाला पहिल्यांदा दिसणार होतं. ती उठली आणि डॉक्टरांसमोर येऊन उभी राहिली.

"मंग तुमीच गा," ती म्हणाली. "आरदा गाना तुमचाच हाय ना?"

डॉक्टर हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी आयुष्यात प्लास्टरच्या जबड्यांशिवाय कुणासमोर गायलं नव्हतं. ते हरेश्वरकडे वळले.

"मी म्हटलं तर माझ्या पद्धतीने म्हणणार. हळू. चालेल?"

हरेश्वर म्हणाला, "ऊं."

एरवी एवढं पुरे असायचं. पण त्या दिवशी डॉक्टरांनी खुर्चीवरचा दिवा बाजूला केला, खाली वाकले आणि पुन्हा विचारलं, "अहो, नीट सांगा. तुमचं गाणं आहे ते. चालेल का?"

तोंड अजून उघडं होतं आणि डॉक्टर त्याला अहो म्हणाले होते. हरेश्वरने त्यांच्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

पौर्णिमेला आम्ही रिक्षात पेटी मांडीवर घेऊन वेसाव्याला गेलो. डॉक्टर पांढऱ्या कोटात होते. कोटाशिवाय मला उभं राहता येणार नाही, म्हणाले. मांडव ताडपत्रीचा, समोर सगळा कोळीवाडा, नटूनथटून. हरेश्वरचा ढोलकवाला आणि गिटारवाला होते, त्यांना डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, की वाजवतोय असं वाटता कामा नये. हरेश्वर बाजूच्या खांबाला टेकून उभा होता, ओठावर पट्टी.

डॉक्टरांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. भूल उतरेपर्यंत बोलू नको काही. इतकं हळू, की मागून कुणीतरी भोंगा बिघडलाय म्हणून ओरडलं. पोरं खुदखुदली. मावशीने मागे वळून नुसतं पाहिलं, तशी शांतता झाली. आणि मग ते गाणं ऐकू यायला लागलं. जेमतेम उघडलेल्या ओठांतून येणारा, थोडा घोगरा, पन्नाशीच्या माणसाचा आवाज. हरेश्वरच्या तोंडून ते प्रेमात पडलेल्या पोराचं गाणं वाटायचं. इथे ते अशा माणसाचं होतं, ज्याला कुणीतरी सोडून गेल्याचं फार उशिरा कळलं होतं. तू उठून गेलीस तेव्हा दुखलं नाही काही. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईने डोळ्यांना पदर लावला. मीही लावला असता, पण पेटीवरचे गाण्याचे कागद उडू नयेत म्हणून मी ते धरून बसले होते.

कडवं संपलं आणि तो लांब आकार आला. डॉक्टर तोही हळू घेणार होते. पण पुढे बसलेल्या बायकांनी तो उचलला. दर्यावर हाका मारून तयार झालेले गळे ते. एकीने घेतला, मग दहाजणींनी, मग सगळ्यांनीच, आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळीने लय वाढली. ढोलकवाला बिचारा किती वेळ धरून ठेवणार? त्याचा हात सुटला. डॉक्टरांनी डोळे उघडून त्याच्याकडे रागाने पाहिलं. मग बायकांकडे पाहिलं. पेटीवरचा हात आपोआप भरभर चालू लागला. ते उठून उभे राहिले, पेटी सोडली, मावशीच्या दिशेने दोन्ही हात पसरले आणि तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. मला त्यांचे दात पहिल्यांदाच दिसले, उजवीकडची काळी पडलेली दाढसुद्धा. डॉक्टर ओरडत होते. ढोल, गिटार, टाळ्या, सगळ्याच्या वर. भूल आता उतरत्येय गं. सगळा मांडव उभा राहून नाचत होता आणि कोटातला तो माणूस मधे उड्या मारत होता.

खांबापाशी हरेश्वर दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरत होता. हसायची बंदी होती. ती काही त्याला पाळता आली नाही, एक टाका तुटला. डॉक्टरांनी घामाने निथळत तिथेच, मांडवाच्या मागे, तो पुन्हा घातला आणि हसायला कुणी सांगितलं होतं म्हणून त्याला झापलं.

 परतताना रिक्षात त्यांचा घसा बसला होता. सात बंगल्याजवळ आल्यावर म्हणाले, "सिस्टर, तो चुकत नव्हता गं. भूल उतरल्यावर माणूस ओरडतोच. तो उतरल्यानंतरचं गात होता, मी आधीचं धरून बसलो होतो."

मी म्हटलं, मग बरोबर कोण?

"दुखणाऱ्यावर अवलंबून," ते म्हणाले, आणि खिशातली लवंग काढून त्यांनी मलाही एक दिली.

हरेश्वरच्या पुढच्या कॅसेटवर ते गाणं डॉक्टरांच्या आवाजात आलं, शेवटचं, डिग्रीसकट. ती कॅसेट फारशी खपली नाही. पण वेसाव्यात आजही हळदीला डॉक्टरांचंच लावतात आणि मूळ गाणं तेच, असं शपथेवर सांगतात. हरेश्वरही त्यांच्याशी वाद घालत नाही. डॉक्टरांची दाढ शेवटी त्या वांद्र्याच्याच डॉक्टरकडे निघाली. हरेश्वर त्यांना हाताला धरून घेऊन गेला. आत गेल्यावर ते काय बोलले ते तो सांगत नाही, पण बाहेर आल्यावर म्हणाले म्हणे, की माणूस बरा आहे, फक्त सुरात नाही.

हरेश्वरचे नवे दात मात्र त्याआधी, गणपती झाल्यावर, आमच्याकडेच बसले. डॉक्टरांनी ते स्वतः घासून, पुन्हा पुन्हा लावून पाहून केले होते. एरवी दात बसवले की ते पेशंटला फ, व, स अशी अक्षरं म्हणायला लावत. हरेश्वरला त्यांनी गाणं म्हणायला सांगितलं. मी ट्रे घेऊन उभी होते. मावशी दाराशी.

हरेश्वरने ओठ जेमतेम उघडले आणि अगदी हलक्या आवाजात सुरुवात केली. डॉक्टरांना हवं होतं तसंच, तंतोतंत. मला वाटलं, तो त्यांचा मान राखतोय. डॉक्टर थोडा वेळ ऐकत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं, की तो घाबरलाय. जोर लावला तर दात निघून येतील, अशी त्याला भीती वाटत होती.

"असं नाही," डॉक्टर म्हणाले. "तुझ्यासारखं म्हण. जोरात. दात मी बसवलेत, पडायचे नाहीत."

हरेश्वरने त्यांच्याकडे पाहिलं, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले, छाती भरून श्वास घेतला आणि तो आकार लावला. आतल्या खोलीत पेटीवरचे जबडे थरथरले, खालचा फरसाणवाला रस्त्यावर येऊन वर बघू लागला. डॉक्टर डोळे मिटून, तोंड उघडं टाकून, मान डोलवत होते.

बाहेर बाकावर दोन पेशंट बसले होते. मी पुढचा नंबर पुकारायला गेले, तेव्हा बाक रिकामा होता आणि जिन्यावरून घाईघाईने उतरणाऱ्या चपला वाजत होत्या.